वीस पावलांची धार

चष्मेवाल्याला उंचीची धास्ती होती आणि ती त्याने कधी लपवली नाही. दुकानातल्या वरच्या फळीवरच्या फ्रेमा बायको काढायची. हा खाली स्टूल धरून उभा. "चढते मी, घाम फुटतो ह्यांना," ती गिऱ्हाइकांना सांगायची.

शहरापाठचा डोंगर त्याला दुकानाच्या दारातूनच आवडे. थोरला भाऊ मात्र दर रविवारी माथा गाठायचा. तीस वर्षं बस चालवलेला माणूस, निवृत्तीनंतर घरात पाय ठरेना. मग छातीत कळ येऊन तो दवाखाना बघून आला. वर्षभराने डॉक्टरांनी पुन्हा चढायची मुभा दिली, तशी वहिनी दुकानात आली.

"भाऊजी, हे कुणाचं ऐकायचे नाहीत. निदान तुम्ही सोबत जा."

वहिनीला नाही म्हणणं त्याला कधी जमलं नव्हतं.

झाडीतली वाट बरी होती. माथ्याच्या अलीकडे धार लागली: जेमतेम वीस पावलं लांब, हातभर रुंद, दोन्ही अंगांना सरळ दरी. दादाचा हात धरून, त्याच्या टाचांवर नजर ठेवून त्याने ती कशीबशी ओलांडली.

पलीकडे दादा खडकावर बसला. चेहरा राखेसारखा.

"काही नाही रे. दम लागलाय."

हात मात्र छातीवर होता. चष्मेवाल्याने त्याच्या खिशातली गोळी काढून जिभेखाली ठेवली. मोबाइलला रेंज नव्हती. आसपास चिटपाखरू नव्हतं. वनखात्याच्या रखवालदारांची चौकी होती, पण धार पुन्हा ओलांडून, दहा मिनिटं खाली.

"तू जा," दादा म्हणाला. "मी कुठे पळून जात नाही."

तेवढ्यात धुकं चढलं. धारेचं दुसरं टोक दिसेनासं झालं. चष्मेवाल्याने उभ्याने एक पाऊल टाकलं आणि मागे घेतलं. शेवटी तो घोड्यावर बसावं तसा धारेवर बसला आणि वीतवीतभर पुढे सरकू लागला. मध्यावर मांडीखालून एक दगड निसटला. तो पडल्याचा आवाज येईल म्हणून त्याने कान दिला, आलाच नाही. मग त्याला हलताच येईना. डोळे मिटून तो दगडाला मिठी मारून राहिला. किती वेळ, देव जाणे. मागून दादाचा खोकला ऐकू आला. अजून आहे, एवढंच त्याला कळलं आणि तो पुन्हा सरकला.

चौकीत पोचताच तो धापा टाकत म्हणाला, "भाऊ... धारेपलीकडे." दोघं रखवालदार स्ट्रेचर घेऊन धावले; त्याला तिथेच बसवलं. पाऊण तास समोर नुसतं पांढरं धुकं. धारेवर वाटलं नव्हतं ते आता मनात येऊ लागलं. वहिनीला काय सांगायचं? वाक्य जुळवून पाहिलं, जुळेना.

अखेर धुक्यातून आवाज आला, बारीक पण ओळखीचा: "सावकाश रे बाबांनो, वळणावर हॉर्न द्या!"

चष्मेवाला बसल्या जागी ढसाढसा रडला.

दादा वाचला. संध्याकाळी दवाखान्याच्या बाकावर वहिनी शेजारी येऊन बसली. त्याची फाटलेली पँट, सोललेले तळवे तिने पाहिले.

"वहिनी, पुन्हा मला वर जायला सांगू नका."

"नाही सांगणार."