गिअरबॉक्स बदलायला किती वेळ लागतो?

ती केस काही खुनाची नव्हती, तरी अजून डोक्यातून जात नाही. मी तेव्हा कोल्हापुरातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. बुधवारी भरदुपारी कळंब्याच्या रस्त्यावर एका मोटारीच्या आरशाचा धक्का लागून दूध घालणारी एक मावशी पडली. तिचा खुबा मोडला. गाडी थांबलीच नाही. शस्त्रक्रियेनंतर रविवारी मावशीने जबाब दिला आणि गाडीचा नंबर न अडखळता सांगितला.

मालक निघाला आजऱ्याचा काजू व्यापारी. तो म्हणाला, "सायेब, गिअरबॉक्स गेलता. सोमवारी गाडी कोल्हापुरात गॅरेजला टाकली, ती शनिवारी मिळाली." गॅरेजच्या मिस्त्रीने दुजोरा दिला, "बुधवारी गिअरबॉक्स खाली काढून ठेवलेला हुता की! गाडी पळंल कशी?"

झालं! माझ्या हवालदारानेही मावशीचा नंबर चुकला असणार असं ठरवून टाकलं. तिच्या गल्लीत तर कुजबुज सुरू झाली, की म्हातारी भरपाईसाठी कुणाच्याही गळ्यात पडतेय. मी भेटायला गेलो तेव्हा ती रडत नव्हती, चिडली होती. "हाड मोडलं ते मोडलं. पर मला खोटारडी म्हणत्यात, त्ये न्हाय सोसत," म्हणाली. मला तिचं पटलं होतं, पण पटणं हा पुरावा नसतो.

दोन दिवसांनी आमच्या खबऱ्याने निरोप आणला. जुने सुटे भाग विकणाऱ्या एकाने त्या मिस्त्रीला, गाडी गॅरेजला आली त्या सोमवारीच, तयार गिअरबॉक्स दिला होता. मग शनिवार कशाला उजाडला? मला मोटारीतलं किल्ली फिरवण्यापलीकडे काही कळत नाही, आणि कळत नसलं की मला चैन पडत नाही. आमच्याच मोटार विभागाच्या वर्कशॉपमध्ये एका जीपचा गिअरबॉक्स बदलायचा होता. मी सकाळी तिथे खुर्ची टाकून बसलो आणि इतके प्रश्न विचारले की तिथला फिटर वैतागला. जुना उघडून दुरुस्त करायचा तर सामान येईपर्यंत कितीही दिवस जातात. तयार हाताशी असेल तर दिवसाचं काम. संध्याकाळी ती जीप माझ्यासमोर आवारात फिरली.

मिस्त्रीला ठाण्यात बोलावलं. गडी डगमगला नाही. "तयार मिळाला म्हणून लगीच बसवायचा व्हय? दुसरी कामं हायत की. शनिवारी बसवला, नारळ फोडला, गाडी फिरवून बघितली आन् मालकाला किल्ली दिली. नारळ फोडल्याबिगर मी चाक हलू देत न्हाय."

हे खोटं कसं ठरवणार? मी आजऱ्याला जाऊन मालकाचा पुरवणी जबाब घ्यायला बसलो. विचारायचं म्हणून विचारलं, गाडी घेताना नारळ मिळाला का? मालक हो म्हणाला. चहा घेऊन आलेली त्याची बायको मात्र फणकारली, "कसला नारळ! अर्धी वाटी दिली हुती, बुळबुळीत, आंबूस वास मारणारी. मी तवाच बोलले, ह्यो आजचा नारळ न्हाय."

मी चहा तसाच ठेवून उठलो.

मिस्त्रीसमोर एवढंच म्हणालो, "शनिवारी फोडलेला नारळ त्याच दिवशी नासतो होय रे?" त्यावर तो घडाघडा बोलला. गिअरबॉक्स मंगळवारीच बसला होता. बुधवारी नारळ फोडून तो गाडी तपासायला कळंब्याकडे गेला, मावशीला धक्का लागला, आणि तो घाबरून पळाला. आरसा बदलून गाडी शनिवारपर्यंत झाकून ठेवली.

जबाब संपल्यावर मी केवळ कुतूहलापोटी विचारलं, "ती वाटी फेकून का नाही दिलीस? नवा नारळ आणायचास!"

तो दचकून म्हणाला, "सायेब, मालकाचा वाटा त्यो! फेकायचा कसा? पाप न्हाय व्हय लागत?"

मला त्याचा संताप आला. नारळाची अर्धी वाटी टाकवली नाही आणि जिवंत बाई रस्त्यात टाकून आला. पण तो ढोंग करत नव्हता, हेही दिसत होतं. तेव्हापासून आरोपी कशाला घाबरतो यापेक्षा तो काही केल्या काय मोडत नाही, हे मी आधी शोधू लागलो. माणूस बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

मावशीला सांगायला मी स्वतः दवाखान्यात गेलो. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आता ह्येच गल्लीत येऊन सांगा. मोठ्यानं."

मी गेलो, आणि भर चौकात सांगितलं.