सुनंदाताईंच्या मायचा आवाज

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, तेव्हा शेजारच्या टेबलावर बसणाऱ्यांनाही नाही. तुम्हाला का सांगतेय — तेही नीट माहीत नाही.

यवतमाळात आम्ही चौघांनी गेम बनवायची कंपनी काढली होती. बोंडअळीची वर्षं. आमच्या जिल्ह्याचं नाव तेव्हा बाहेर एकाच कारणानं निघायचं, आणि त्याचा आम्हाला वीट आला होता. आमच्यातल्या प्रशांतदादानं जाहीर करून टाकलं — अख्खा जिल्हा गेममध्ये येणार, गावोगाव हिंडता येणार, वऱ्हाडी, बंजाऱ्यांची गोरबोली, कोलामांची कोलामी, सगळं ऐकू येणार. लोक हरखले. फुलसावंगीहून, राजूरहून विचारणा — आमचं गाव आहे ना? उत्तरं देणं माझं काम. मी लिहायची, हो, आहे.

दोन महिन्यांत कळलं, तीन गावांपलीकडे आपल्याला जमणार नाही. कोलामी तर वगळलीच. लोकांना सांगून टाकू, असं मी दादाला म्हटलं. तो म्हणाला, "आता नाही म्हणू नको. लोक तुटतीन." मी मान हलवली. त्याच्यावर ढकलायला हे सांगत नाहीये. लिहिणारे हात माझे होते.

सुनंदाताई मुकुटबनजवळच्या कोलामांच्या एका पोडावर, म्हणजे वस्तीवर, अंगणवाडी चालवायच्या. त्यांनी आपल्या म्हाताऱ्या मायला समोर बसवून तिचं कोलामी बोलणं फोनवर रेकॉर्ड केलं, पोडावर रेंज नव्हती म्हणून मुकुटबनला जाऊन तिथल्या कॅफेवाल्याच्या मेलवरून पाठवलं. चालेल का, म्हणून विचारलं. कोलामी वगळून तेव्हा आठवडा झाला होता. मी काय लिहिलं असेल? नक्की वापरू, ताई. त्यातलं एक रेकॉर्डिंग मी ऐकलंही होतं. म्हातारी काहीतरी सांगता सांगता मध्येच हसते — मागं कोंबडी ओरडते.

गेम आला त्या दिवशी ताईंनी पोडावरच्या बायांना अंगणवाडीत जमवलं. गेममध्ये त्यांचं गाव नव्हतं, बोलीही नव्हती. पुढच्या भागात येईल, असं मी फोनवर सांगितलं. पुढचा भाग होता कुठे? मग ताईंच्या रेकॉर्डिंगचं फोल्डर माझ्या संगणकावर रोज दिसायला लागलं. एका दुपारी मी ते पुसून टाकलं. जागा हवी होती — असं स्वतःला सांगितलं. मग ताईंचा मेलही पुसला, त्याला कोणती जागा हवी होती?

वर्षभरानं त्यांचा फोन आला. माय गेली होती. जुना मोबाईल केव्हाच बिघडला होता.

"मॅडम, माह्या मायचा आवाज तुमच्यापाशी असन नं?"

तेव्हा तरी खरं बोलता आलं असतं. समोर कोणी नव्हतं, दादा नव्हता. मी म्हणाले, ताई, तुमच्या फाइली रिकाम्याच निघाल्या होत्या. पाठवताना काही चुकलं असेल. आणि एवढ्यावर थांबले नाही — म्हणूनच कोलामी टाकता आली नाही, असंही म्हणाले.



"माह्याच हातून चुकलं असन मंग," त्या म्हणाल्या. "तुम्ही कायले वाईट वाटून घेता."

मी म्हणाले, असू द्या, ताई.

पोडावर त्यांनी हेच सांगितलं असणार — आपली बोली गेममध्ये यायची माझ्यामुळं राहिली.