तीन नंबर फलाटाची घोषणा

बसस्थानकावर सव्वीस वर्षं गाड्या पुकारणाऱ्या बाईंना सगळे 'भोंगाबाई' म्हणायचे. त्यांनाही त्याचं काही वाटत नसे. गेल्या वर्षी मात्र त्यांचा घसा बसला तो बसलाच. डॉक्टरांनी बजावलं, "कमी बोला, नाहीतर आवाज कायमचा जाईल."

स्थानकाचे साहेब म्हणाले, "मशीनचा आवाज मागवू."

बाईंनी चिठ्ठी पुढे सरकवली, 'आवाज माझाच राहील.'

मग सकाळी घसा जरा मोकळा असे तेव्हा त्या रोज पाचच मिनिटं, पण जिवावर उदार होऊन, सगळ्या गाड्यांच्या घोषणा रेकॉर्ड करू लागल्या. त्या वाजवणारा प्रोग्रॅम लिहायला प्रोग्रॅमर असलेल्या भाचीकडून रुबी भाषा शिकल्या. 'स्थानक' हे मोठं मॉड्यूल, म्हणजे नाव दिलेला कप्पा. त्याच्या पोटात सहा फलाटांची सहा मॉड्यूल्स, आणि प्रत्येकात 'घोषणा' नावाची एक मेथड, म्हणजे नाव घेतलं की ठरलेलं काम करणारी आज्ञा.

चाचणीच्या दिवशी बाईंनी नुसतंच 'घोषणा' लिहिलं. कॉम्प्युटर म्हणाला, अशी मेथड मला माहीत नाही.

"अगं मावशी, घोषणा सहा आहेत," भाची हसली. "कुणाची हवी ते बाहेरून आत सांगत जा. आधी स्थानक, मग फलाट."

बाईंनी 'स्थानक' लिहिलं, मग शेजारी शेजारी दोन विसर्ग, मग तीन नंबरचा फलाट, एक टिंब आणि 'घोषणा'. तरी तोच नकार!

"माझ्यावर खार खाऊन आहे मेला," बाई कुजबुजल्या. पण भाचीला विचारायचं नाही, असं ठरवून त्यांनी वही काढली. तिथे त्यांच्याच अक्षरात होतं, 'मॉड्यूलच्या नावाने थेट बोलवायची मेथड असेल, तर ती लिहिताना नावाआधी सेल्फ (म्हणजे 'स्वतः') आणि टिंब.' पाच फलाटांना ते दिलेलं होतं, तिसऱ्यालाच राहिलं होतं. त्यांनी ते घातलं आणि बटण दाबलं.

बाहेर कर्णा खरखरला. बाईंचा खणखणीत आवाज तीन नंबरवर घुमला, "गाडी सुटत आहे, प्रवाशांनी त्वरा करावी!"

गाडीचा पत्ताच नव्हता. प्रवासी बोचकी सावरत धावले, कंडक्टर पाण्याची बाटली टाकून धावला. एक आजोबा खिडकीशी येऊन कडाडले, "कुठाय गाडी?"

"काका, चाचणी होती हो!" हसू आवरेना, म्हणून बाईंनी तोंडावर पदर धरला. साहेबही पळत आले होते. रागवायला उघडलेलं तोंड मिटून ते म्हणाले, "मशीनचा आवाज नको मागवायला."

पुढच्या सोमवारपासून सहाही फलाटांवर बाई बोलू लागल्या. डॉक्टरांनी आता दिवसाला अर्धा तास बोलायची परवानगी दिली आहे. तो सगळा वेळ त्या फोनवर भाचीशी वाद घालण्यात घालवतात.