टाकीखालची पाचर

मल्लेश्वरमच्या शिवलीला अक्कांच्या स्वयंपाकघरात एक पातेलं आहे. त्यात त्या आमटी करत नाहीत आणि दुसऱ्या कुणाला करूही देत नाहीत. त्यात पाणी गरम करायचं आणि विमानाचा तरंगा बुडवून धरायचा, एवढंच त्याचं काम. तरंगा म्हणजे पेट्रोलच्या टाकीत तरंगणारा मोसंबीएवढा पोकळ पितळी गोळा. पेट्रोल कमी होईल तसा तो खाली जातो, त्याची दांडी दोन बारीक दातेरी चाकं फिरवते आणि वैमानिकासमोरच्या तबकडीवर काटा हलतो. ना बॅटरी, ना वायर. गरम पाण्यात गोळ्यातून एक जरी बुडबुडा आला तरी अक्का त्याला नापास करतात. नापास वस्तूकडे त्या ज्या नजरेनं बघतात, ती त्यांच्या दोन्ही सुनांच्या चांगल्याच ओळखीची आहे.

अक्का मूळच्या निपाणीच्या. बंगळुरात येऊन विमानाच्या एका कारखान्यात उपकरणांच्या विभागात तेहतीस वर्षं बसल्या. बसल्या म्हणजे खरोखरच बसल्या. तबकड्या त्यांच्या टेबलावर यायच्या आणि दुरुस्त होऊन जायच्या, विमान मात्र पार पलीकडच्या शेडमध्ये. एवढ्या वर्षांत त्यांच्या हातची एकही वस्तू परत आली नाही. हे त्या स्वतः कधी सांगत नाहीत, पण दुसरा सांगायला लागला तर त्याला थांबवतही नाहीत.

निवृत्त झाल्यावर त्या हेच काम घरी करतात. यंदा त्यांच्याकडे ध्रुव आला. पुण्याचा मुलगा, बेळ्ळंदूरला आयटीत. चार वर्षं सगळे शनिवार-रविवार घालून त्यानं साठ वर्षांचं एक जुनं विमान उभं केलं होतं. दोन माणसांचं, कापडी अंगाचं, शेपटीखाली छोटंसं चाक असलेलं. टाकीतला जुना बुचाचा तरंगा पेट्रोल पिऊन जड झाला होता आणि काटा शून्यावर आडवा पडला होता. इलेक्ट्रॉनिक मीटर बसव, असं सगळ्यांनी त्याला सांगितलं. त्यानं ऐकलं नाही, आणि तिथंच तो अक्कांना आवडला.

अक्कांनी दहा दिवस घेतले. नवा पितळी गोळा झाळून केला, पातेल्यात पास केला, चाकांचे दाते घासून लख्ख केले. मग गावाबाहेरच्या हँगरमध्ये जाऊन टाकी रिकामी करवली, दोन-दोन लिटर पेट्रोल ओतत तबकडीवर खुणा केल्या. शनिवारी संध्याकाळी त्यांनी हात पुसले.

“जा आता खुशाल आईला घेऊन,” त्या म्हणाल्या. ध्रुवनं त्यांच्या पायांनाच हात लावला.

रविवारी सकाळी त्याची आई, संध्याताई, पुण्याहून येऊन नव्या साडीत हँगरमध्ये उभी होती. मुलाच्या विमानात पहिली बसणार ती. टाकीत अजून दहाच लिटर होतं, बाकीचं भरायचं होतं. तेवढ्यात गिरीराज मेकॅनिकनं शेपटीच्या चाकात हवा भरायची म्हणून शेपटी उचलून लाकडी घोडीवर ठेवली. अक्का सवयीनं आपल्या काट्याकडेच बघत होत्या. काटा पाव टाकीवर होता. बघता बघता तो चढला आणि निम्म्यावर जाऊन थांबला. थेंबभर पेट्रोल कुणी ओतलं नव्हतं.

अक्कांनी घोडीवरच्या शेपटीकडे बघितलं. जमिनीवर हे विमान नाक वर करून शेपटीवर बसतं, तेव्हा पेट्रोल टाकीत मागं जमतं. तरंगा पुढच्या बाजूला. हवेत शेपटी वर आली की पेट्रोल पुढं येणार आणि तरंग्याला उचलणार. अक्कांनी सगळ्या खुणा केल्या होत्या विमान बसलेलं असताना.

आणि मग त्यांना ती पाचर आठवली. कारखान्यात तबकडीवर खुणा करताना टाकी ज्या चौकटीवर ठेवत, तिच्या एका बाजूखाली लाकडाची पाचर असायची. व्यंकोजी अण्णांनी, म्हणजे त्यांच्या आधीच्या मिस्त्रींनी, ठेवलेली. फरशी उंचसखल असेल, असं अक्का धरून चालल्या. एकदा तर त्या म्हणाल्याही होत्या, “अण्णा, फरशी तरी नीट करून घ्या की!” अण्णा नुसते हसले आणि पाचर हातानं दाबून बसवली. का, ते अक्कांनी कधी विचारलं नाही.

आत्ताही कुणाच्या काही लक्षात आलं नव्हतं. टाकी भरून पंधरा मिनिटांची फेरी, आज तर काहीच बिघडणार नव्हतं. उद्या गुपचूप येऊन खुणा बदलल्या असत्या, तर तेहतीस वर्षांचं नाव तसंच राहिलं असतं. अक्कांना हे सुचलं नाही असं नाही. चांगलं सुचलं.

“ध्रुव, विमान काढू नको,” त्या म्हणाल्या. “काटा खोटा बोलतोय.”

“अक्का, काल तुम्हीच खुशाल जा म्हणालात ना!”

“चुकलं माझं. शेपटी खाली ठेवून खुणा केल्या मी. हवेत हा पाव टाकी दाखवंल, आणि आत असेल त्याच्या निम्मं.”

“अहो, पण फेरी पंधराच मिनिटांची आहे,” संध्याताई समजुतीच्या सुरात म्हणाल्या. “टाकी फुल करून जाऊ की.”

“आज पंधरा मिनिटं, ताई. पुढच्या महिन्यात हा दोन तास जाईल. खाली टाकीत कांडी घालून बघता येतं. वर फक्त हा काटा, आणि हा माझ्या हातचा.”

ध्रुवचा चेहरा उतरला, पण त्यानं चावी काढून खिशात टाकली. अक्का कन्नडमध्ये गिरीराजला म्हणाल्या, शेपटी तशीच राहू दे. टाकी पुन्हा कोरडी झाली. सत्तरीला टेकलेली ही बाई दुपारभर त्या चिंचोळ्या सीटवर अंग चोरून बसली. संध्याताईंनी नव्या साडीचा पदर खोचून नरसाळं धरलं, ध्रुव ओततोय, अक्का खूण करतायत. “स्वल्प थांब रे, काटा ठरू दे.” संपलं तेव्हा वारा सुटला होता आणि उड्डाण रद्द झालं होतं. संध्याताईंनी परतीचं तिकीट आठवडाभर पुढं ढकललं.

पुढच्या रविवारी मायलेक उडाले आणि खाली आले. संध्याताई नुसत्या रडत हसत होत्या. शेपटी घोडीवर चढवली, काटा बावीसवर आला. टाकी रिकामी करून मापानं मोजलं. बावीस लिटर. हँगरभर टाळ्या पडल्या. त्यात ध्रुवच्या सगळ्यात मोठ्या.

अक्कांनी आता घरच्या टेबलासाठी तशीच एक चौकट करून घेतली आहे, आणि तिच्याखाली सागवानाची पाचर. ती पाचर हातात घेतली की मराठी आणि कन्नड, दोन्हींत अक्कांनी मार्करनं लिहिलेलं दिसतं:

“फरशी सपाट आहे. विमान हवेत असं असतं. — व्यंकोजी अण्णा.”