खडूचा चौकोन

पहिल्याच भेटीत बाईंनी मला ‘गेट आउट’ म्हटलं. बोईसरजवळच्या सरावलीत, पत्र्याच्या खोलीत कामगारांचा इंग्रजीचा वर्ग चालला होता आणि मी संघटनेची पत्रकं घेऊन न विचारता आत शिरले होते. अपमान गिळून मी उंबरठ्याबाहेर गेले, तर मागून टाळ्या. “बघा, हिला बरोबर कळलं,” बाई म्हणाल्या. “आता गेट इन, पोरी. बस.”

हेमाबाई किनाऱ्यावरच्या मुरबे गावच्या, मच्छीमाराच्या घरातल्या. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्या तारापूरच्या कारखान्यांतल्या कंत्राटी कामगारांना फुकट शिकवायच्या. आणि शिकवायच्या काय, तर आठवडेच्या आठवडे एकच क्रियापद: गेट. वही नाही, फळा नाही. शब्द अंगाने करून दाखवायचा. गेट अप म्हटलं की उठायचं, गेट डाउन म्हटलं की बाकावरून उतरायचं. पाळी संपवून आलेली माणसं कुरकुरत उठबशा काढायची.

“बाई, एकच अर्थ सांगा ना, पाठ करून टाकतो,” भावेश म्हणायचा.

“तुझ्या आयेला घरात एकच काम हाय का रं? पगार मिळाला तरी गेट, आजारी पडला तरी गेट, घरी पोचला तरी गेट. त्याच्या शेजारी कोण बसलाय ते बघायचं.”

“आन् बायको मिळाली तर?” नितीन विचारायचा.

“आधी आंघोळ करून ये, मग सांगते.”

हे दोघेही मुरब्याचेच. मासळी कमी झाली म्हणून होडी सोडून एकाच रसायनाच्या कारखान्यात लागलेले.

वर्गाचा शेवट मात्र ठरलेला. बाई फरशीवर खडूने चौकोन काढायच्या. “ही टाकी. आत तुमचा दोस्त पडला. काय कराल?”

“गेट हेल्प!” वर्ग ओरडायचा.

“आन् गेट इन?”

“नाय!”

तरी कोणीतरी मस्करीत चौकोनात पाय टाकायचाच. “मेलास,” बाई म्हणायच्या. तेव्हा त्या हसत नसत.

त्यांचा धाकटा भाऊ जगदीश असाच गेला होता. सांडपाण्याच्या टाकीत सोबती कोसळला, हा त्याच्या मागोमाग उतरला. आत विषारी वायू. दोघांची प्रेतंच वर आली. कोळ्याच्या पोराला लहानपणापासून एवढंच ठाऊक, की माणूस पाण्यात पडला की आपण उडी मारायची. सोबत्याला टाकून किनाऱ्याला लागलेल्याशी गावात कोणी बोलत नाही. समुद्रात हीच रीत माणसं वाचवते. टाकीत तीच रीत एकामागून एक माणसं मारते, आणि कारखानदाराला ते सोयीचं पडतं. दोर ठेवायला नको, मास्क ठेवायला नको. ‘कामगार स्वतःहून उतरला’ म्हटलं की सुटला.

माझं पत्रक वाचून बाई म्हणाल्या होत्या, “भांडवलशाहीला लय शिव्या घातल्यास. दोर कुठं हाय यात?”

गेल्या वर्षी नितीन टाकीत पडला. भावेश काठावर होता. तो उतरला नाही. धावत सुटला, ओरडला, दोर मागितला. दोर नव्हता. मास्क कपाटात, कपाटाला कुलूप, आणि किल्ली ज्याच्याकडे तो माणूस रजेवर. नितीनला बाहेर काढेपर्यंत सगळं संपलं होतं.

मुरब्याला नितीनच्या आईने भावेशची गचांडी धरली. “तू होतास ना तिथं? मग उतरला का नाय?”

बाई मध्ये पडल्या. “त्याला नको इचारू. मी शिकवलंय त्याला.”

“मग तू सांग. माझा पोर एकटाच का गेला?”

माझ्याकडे उत्तर होतं, छापून तयार होतं. मी तोंड उघडलं, तसा बाईंनी माझा हात दाबला.

कारखान्याला कोणी काही विचारलं नाही. विचारलं ते भावेशला आणि बाईंना. टाकीपाशी आजही दोर नाही. वर्गातली माणसं गळत गेली, खोली बंद झाली, बाई मुरब्याला परतल्या. बोंबील वाळत घालताना बायका त्यांच्यापासून लांब बसायच्या.

शेवटी भेटले तेव्हा त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. मी म्हटलं, “बाई, तुमच्यामुळे एक जण तरी जिवंत आहे.”

त्या म्हणाल्या, “जग्या त्या दिवशी काठावर थांबून एकटा घरी आला असता ना, तर मीपण त्याला दारात उभा केला नसता.”

बाई गेल्या त्या दिवशी भावेश बोईसरहून आला, पण गावात शिरला नाही. वळणावर उभा राहिला. तिरडी समोर आली तेव्हा मी त्याला हाक मारली, “ये, खांदा दे.”

तो जागचा हलला नाही.

“पुढं नितीनची आय हाय,” तो म्हणाला. “मी हितंच बरा.”