ताई आणि ती पाच पोरं

मलकापूरच्या बाजाराहून आलेल्या गाडीवानानं निरोप आणला तेव्हा मी नांदुऱ्याच्या घरी अंगणात ज्वारी पाखडत होते. "मोताळ्याच्या बाई गेल्या," एवढंच तो बोलला. सूप हातात तसंच राहिलं... आता महिना होत आला. भेटायला येणारी माणसं ताईच्या हातच्या जेवणाची, तिच्या मायेची आठवण काढतात. ते खरंच आहे. पण मला आठवते ती एका कादंबरीनं झपाटलेली ताई, आणि त्या झपाटलेपणात तिनं केलेलं काम. ते कुठंतरी लिहून ठेवलं पाहिजे.

इंदूताई माझी थोरली बहीण. मराठी चौथीत पहिली आली आणि लगेच लग्न होऊन मोताळ्याला गेली. तिच्या पहिल्या बाळंतपणानंतर मूल सांभाळायला मी तिच्याकडे राहिले होते. दाजी एका दाव्यासाठी नागपूरला गेले होते, येताना त्यांनी तिला एक कादंबरी आणली. कॉलेजच्या वसतिगृहात राहणाऱ्या पाच पोरांची ती गोष्ट होती. पोरं हुशार, देखणी, श्लोकांच्या अर्थावरून वाद घालणारी. त्यांच्या हातून एक सोबती मरतो, आणि मग उरलेलं सगळं पुस्तक ती पोरं ते कसं लपवतात, त्यापायी आतून कशी सडत जातात, याचंच. शेवटपर्यंत एकही जण खरं बोलत नाही.

ताईला त्या पोरांनी घेरलं. भाकरी तव्यावर करपू लागल्या. बाळाला न्हाऊ घालता घालता ती मध्येच थांबायची. पुस्तक संपलं तसं तिनं पुन्हा पहिल्यापासून धरलं. ताईच्या सासूबाई वैतागायच्या, "त्या मेल्या पोराईच्या नादी काऊन लागली व तू? इकडं लेकरू रडून राह्यलं!"

"आत्याबाई," ताई म्हणायची, "एवढे शिकलेले पोरं, एकालेही तोंड उघडावं वाटलं नसंन?" कॉलेज तिनं कधी पाहिलं नव्हतं. शिकलेला माणूस म्हणजे चांगला माणूस, एवढंच आम्हाला घरी शिकवलं होतं. त्या समजुतीला तडा गेला होता, आणि तो तिला सहन होत नव्हता.

त्याच हिवाळ्यात तिचा धाकटा दीर भगवान सुट्टीवर घरी आला. तो खामगावच्या हायस्कुलात शिकायचा, बोर्डिंगात राहायचा. जेवताना त्यानं बातमी सांगितली. सुलतानपूरचा युसूफ नावाचा नवा पोरगा जिनिंगच्या आवारात चोरी करायला शिरला, कापसाच्या गाठींच्या थप्पीवरून पडला, पाय मोडला. आता त्याला शाळेतून काढणार होते. भगवान हे सगळं ताटाकडे पाहून बोलत होता.

वाढता वाढता ताईचा हात थांबला.

"भाऊजी, तुमी किती जण होते?"

"मी कुठं होतो, वहिनी?"

"मी इचारलं, किती जण होते."

भगवानला रडू फुटलं. "चौघं... आमीच त्याले वर चढाले लावलं. तो पडला, वरडत होता, न आमी पळालो. मास्तरले कोनीच काही सांगितलं नाही."

ताई त्याच्यासमोर खाली बसली. आवाज चढवला नाही तिनं. "त्या पुस्तकातल्या पोराईले कोनी इचारलंच नाही, भाऊजी. तुमाले मी इचारलं. उद्या खामगावले जाऊ."

ताईचे सासरे, मामंजी, ओसरीवरून गरजले, "घराचं नाव जाईन, सूनबाई!"

दाराआडून, डोक्यावरचा पदर सावरत, ताई म्हणाली, "मामंजी, नाव तं त्या पोराचं गेलं. आपलं अजून आपल्या हाती हाये."

शेवटी मामंजींनीच गडीमाणसाला बैलगाडी जुंपून ठेवायला सांगितलं.

बाळाला घेऊन मीही सोबत गेले. मलकापूरपर्यंत बैलगाडी, पुढं आगगाडी, जलंबला गाडी बदलून खामगाव. हेडमास्तरांच्या दारात ताई उभी राहिली आणि आत भगवाननं चौघांची नावं सांगितली, पहिलं स्वतःचं. त्याला छड्या बसल्या, बोर्डिंग सुटलं, वर्ष वाया गेलं. उरलेल्या तिघांच्या घरांनी आमच्याशी बोलणं टाकलं. पण युसूफवरचा चोरीचा डाग पुसला गेला, शाळा राहिली. तिथूनच आम्ही दवाखान्यात गेलो. पायाला फळ्या बांधून तो पडला होता. भगवानला पाहून त्यानं तोंड फिरवलं. मग ताईकडे बघत म्हणाला, "बाई, मले वाटलं, आता कोनीच येत नाही."

घरी आल्यावर ताई एवढी गाढ निजली, की सासूबाईंनीच बाळाला थोपटलं आणि मला म्हणाल्या, "हिले उठवू नको."

युसूफ मॅट्रिक झाला. थोडा लंगडत चालतो, पण सुलतानपूरच्या शाळेत मास्तर आहे. भगवान हेडमास्तर झाला. पुढं ताईला आणखी मुलं झाली, नातवंडं झाली. शाळेतून आलेल्या पोराला तिनं नंबर कधी विचारला नाही. विचारायची ते एकच, "कोनाले एकटं टाकून तं नाही आला?"

तेराव्याला युसूफ आला होता. तो आणि भगवान ओसरीवर शेजारी बसले होते. तेवढ्यात ताईची नात पाटी घेऊन शाळेतून आली आणि सवयीनं आजीच्या खोलीकडे वळली. दारातच थबकली. खोली रिकामी... भगवाननं घसा खाकरला.

"बाई," तो नातीला म्हणाला, "कोनाले एकटं टाकून तं नाही आली?"

"नाही, आजोबा," पोरगी म्हणाली, आणि येऊन त्या दोघांच्या मध्ये बसली.