काकांची शनिवारची व्हिजिट

मी जर्मनीत, न्युरेम्बर्गला सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. जो बग पुन्हा करून दाखवता येत नाही, तो मी सरळ क्लोज करते. भुताखेतांनाही माझा हाच नियम… त्यामुळे गूढ अनुभवांच्या या सदरात मी कधी लिहीन असं वाटलं नव्हतं.

माझे काका न्युरेम्बर्गपासून ट्रेनने पाऊण तासावरच्या एका खेड्यात गेली कित्येक वर्षं डॉक्टर आहेत. पेशंटांच्या गोष्टी मराठीत लिहितात, दोन पुस्तकं निघालीत. दर हिवाळ्यात दवाखाना बदली डॉक्टरांवर सोपवून पूर्व आफ्रिकेतल्या निर्वासितांच्या छावणीत फुकट काम करायला जातात. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजतो, असं बाबा म्हणतात… तेही चारचौघांत, कौतुकाने.

मागच्या हिवाळ्यात काका तिकडे असताना, एका शनिवारी दुपारी मी त्यांच्या घरी बसून त्यांचं लिखाण टाइप करत होते. अक्षर डॉक्टरचंच, त्यामुळे वैतागले होते. तेवढ्यात फोन वाजला. मागच्या गल्लीतल्या फ्राउ केलर, म्हणजे केलरबाई. ऐंशीच्या पुढच्या, एकट्याच राहतात.

"डॉक्टरसाहेब पोचले का घरी? विचारायचं राहिलं. हॉस्पिटलला सोमवारी गेलं तर चालेल ना?"

"काका इथे नाहीत. आफ्रिकेत आहेत."

"असं कसं? आत्ताच येऊन गेले. दाराशी बूट काढले, छाती तपासली, म्हणाले आजच जा, उद्यावर टाकू नका. आणि मोजा अंगठ्याशी फाटलाय, सांगा त्यांना."

इथे घरी तपासायला येणारे डॉक्टर बूट घालूनच आत येतात. काढणारे एकटे आमचे काका, गाव त्यांना त्यावरून चिडवतं. मी बदली डॉक्टरीणबाईंना फोन केला, तर त्यांच्याकडून कुणीही गेलं नव्हतं. म्हातारीला भास झाला असणार, असं मी ठरवून टाकलं. पण बोलताना तिला धाप लागत होती, म्हणून बघायला गेले. पाय सुजलेले, ओठ निळसर… लगेच अॅम्ब्युलन्स बोलावली.

हॉस्पिटलमध्ये म्हणाले, हृदय थकलंय, सोमवार काही उजाडला नसता. खरं सांगते, तिथल्या खुर्चीत बसून मी रडले.

काका परतल्यावर चहा घेताना त्यांना सगळं सांगितलं. तो शनिवार नेमका कुठला, ते त्यांनी आधी विचारून घेतलं.

"त्या शनिवारी दुपारी मी तिथे एका आजींना तपासत होतो," ते म्हणाले. "हेच दुखणं. दुभाष्या जेवायला गेलेला. दमलो होतो गं… सवयीने जर्मनमध्येच बोलून गेलो. आजच हॉस्पिटलला जा, उद्यावर टाकू नका. तिथे कुठलं हॉस्पिटल? त्या नुसत्या बघत राहिल्या माझ्याकडे."

"मग?"

"दुसऱ्या दिवशी वारल्या."

"काका, हे लिहा ना तुम्ही."

"मी लिहिलं तर लोक म्हणतील, लेखक आहे, रचतोय. तू लिही."

म्हणून लिहिलं. हे कसं झालं ते मला सांगता येत नाही. कुणाला येत असेल तर जरूर कळवा, मी वाद घालणार नाही.

फ्राउ केलर आता ठणठणीत आहेत. परवा काकांबरोबर त्यांच्याकडे गेले होते. त्या काकांचा हात धरून पुन्हा पुन्हा आभार मानत होत्या. परत येताना काका म्हणाले, "मला नाही ऐकवत ते. ज्यांना सांगत होतो, त्या तर गेल्या."